मलिक अंबर : दुसऱ्याच्या नावाने चाललेले राज्य

मध्ययुगीन राज्यांच्या इतिहासात सिंहासनावर बसणारा एक आणि राज्य चालविणारा दुसरा, असा प्रकार वारंवार आढळतो. राजा अल्पवयी असतो, दुबळा असतो किंवा शत्रूच्या बंदिवासात असतो. आणि त्याचा प्रतिनिधी म्हणविणारा पुरुष सैन्य उभारतो, तह करतो, महसूल वसूल करतो, प्रसंगी खुद्द राजालाच बदलतो. महाराष्ट्राच्या भूमीवर या प्रकाराचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे निजामशाहीचा वकील मलिक अंबर (सुमारे १५४८–१६२६) हे होय. इथिओपियात जन्मलेला आणि बाजारात एकाहून अधिक वेळा विकला गेलेला हा हबशी पुरुष पुढे पंचवीस वर्षे अकबर व जहांगीर यांच्या फौजांना दक्षिणेत अडवून धरतो, ही घटना जितकी विलक्षण आहे तितकीच विचार करावयास लावणारी आहे. प्रस्तुत लेखात त्याचा जीवनक्रम सांगताना एका प्रश्नाचा शोध घ्यावयाचा आहे. ज्याच्या हाती प्रत्यक्षात सर्व सत्ता होती, त्याला अखेरपर्यंत दुसऱ्याच्या नावाची गरज का भासली, आणि या गरजेची किंमत त्याला व त्याच्या राज्याला कोणत्या स्वरूपात द्यावी लागली, हा तो प्रश्न होय.

प्रतिनिधीपदाचे स्वरूप

‘वकील’ हा शब्द आज आपण न्यायालयाच्या संदर्भात वापरतो. त्याचा मूळ अर्थ मात्र ‘दुसऱ्याच्या वतीने काम करणारा’ असा आहे. दक्षिणेतील सुलतानांच्या दरबारी राज्याच्या मुख्य कारभाऱ्यास ‘वकील’ अथवा ‘पेशवा’ म्हणत. पेशवा हे पद मराठी राज्यात पुढे प्रसिद्धीस आले असले, तरी निजामशाहीत ते त्याआधीपासून रूढ होते. सुलतान समर्थ असेल तोवर हा अधिकारी सेवक असे. सुलतान दुबळा झाला की तोच राज्याचा खरा धनी होई. अठराव्या शतकात सातारच्या गादीवर छत्रपती आणि पुण्यात सत्ताधारी पेशवे अशी जी व्यवस्था दिसते, तिचे बीज या पदातच होते.

ही स्थिती केवळ आपल्याकडची नव्हे. जपानमध्ये आशिकागा घराण्याच्या काळात शोगुनच्या उपाधिकाऱ्यास ‘कानरेई’ म्हणत, आणि हे पद शिबा, होसोकावा व हाताकेयामा या तीन सामुराई घराण्यांतच फिरत असे. होसोकावा कात्सुमोतो हा असाच एक प्रबळ कानरेई होता. ध्यान संप्रदायाच्या (झेनच्या) अभ्यासकांना तो क्योतो येथील र्योआन्जी विहाराचा संस्थापक म्हणून परिचित असेल. शोगुनच्या वारसाचा प्रश्न निघाला तेव्हा तो आणि यामाना सोझेन हे परस्परांविरुद्ध उभे ठाकले, आणि त्यातून १४६७ ते १४७७ असे दहा वर्षांचे ओनिन युद्ध पेटले. त्यात क्योतो नगरी बेचिराख झाली, र्योआन्जीही जळाला. हे दोन्ही पुढारी युद्ध चालू असतानाच १४७३ मध्ये मरण पावले. कात्सुमोतोचा मुलगा मासामोतो याने तो विहार पुन्हा बांधला. परंतु १४९३ मध्ये त्याने चालू शोगुनला दूर सारून आपल्या पसंतीचा शोगुन बसविला आणि १५०७ मध्ये तो स्वतःही मारला गेला. शोगुन बदलण्याची ताकद असूनही त्याने स्वतःला शोगुन म्हणविले नाही, कारण ते पद आशिकागांच्या रक्ताला बांधलेले होते. कर्तृत्व एका ठिकाणी आणि मान्यता दुसऱ्या ठिकाणी, अशी ही विभागणी आहे. मलिक अंबरच्या चरित्रात तीच विभागणी अधिक तीव्र स्वरूपात दिसते, कारण मासामोतो उच्चकुलीन सामुराई होता आणि अंबर मुळात गुलाम होता.

गुलामीतून सरदारीकडे

अंबरच्या बालपणाची माहिती प्रामुख्याने पीटर व्हान डेन ब्रुके या डच व्यापाऱ्याच्या टिपणांवरून मिळते. हा व्यापारी १६१७ मध्ये खर्ड्याजवळील छावणीत अंबरला प्रत्यक्ष भेटला होता. अंबरचे मूळ नाव चापू असे होते. तांबड्या समुद्रावरील मोखा बंदरात त्याची विक्री झाली, पुढे बगदादच्या मीर कासिम नावाच्या व्यापाऱ्याने त्याला विकत घेऊन शिक्षण दिले, धर्मांतर करविले आणि ‘अंबर’ हे नाव दिले, असे सांगितले जाते. १५७० नंतरच्या काही वर्षांत तो दक्षिणेत आणला गेला आणि निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याने त्याला विकत घेतले. हा चंगीझखान स्वतः हबशी होता आणि एकेकाळी गुलामही होता.

येथे दक्षिणेतील हबशी गुलामीचे स्वरूप समजून घेणे आवश्यक आहे. हबशी तरुणांना सुलतान व सरदार मुख्यतः लष्करासाठी खरेदी करीत. या देशात त्यांना ना कुळ, ना भाऊबंद, ना वतन. म्हणून ते केवळ धन्याशीच एकनिष्ठ राहतील असा हिशेब त्यामागे असे. माणसाला त्याच्या आप्तांपासून कायमचे तोडून त्याच्या निराधारपणाचा उपयोग करून घेणारी ही पद्धत होती, हे विसरता येणार नाही. मात्र धनी मरण पावला किंवा त्याने मुक्त केले, की असा सैनिक स्वतंत्र शिलेदार होई. कर्तबगार असल्यास स्वतःची तुकडी बाळगी आणि सरदारही बने. दरबारात ‘दखनी’ आणि इराण–तुराणकडून आलेले ‘परदेशी’ असे दोन पक्ष होते. हबशी बहुधा दखनी पक्षाबरोबर असत.

पाली साहित्याच्या वाचकास या ठिकाणी मज्झिमनिकायातील अस्सलायन सुत्ताची आठवण व्हावी. वर्ण जन्माने ठरतो असे आग्रहाने मांडणाऱ्या तरुण ब्राह्मणास भगवान बुद्ध सीमेपलीकडील योन व कंबोज देशांचे उदाहरण देतात. तेथे आर्य आणि दास असे दोनच वर्ग असून आर्य दास होऊ शकतो व दास आर्य होऊ शकतो, ही गोष्ट अस्सलायनाला मान्य करावी लागते. सामाजिक स्थान माणसांनी निर्माण केलेले असते, ते निसर्गसिद्ध नसते, असा त्या युक्तिवादाचा आशय आहे. अंबरचे जीवन या युक्तिवादाला इतिहासाने दिलेला एक पुरावा म्हणता येईल. परंतु पुरावा जसा आहे तसाच वाचला पाहिजे. अंबर गुलामीतून बाहेर पडला, गुलामीची पद्धत मात्र तशीच राहिली. त्याच्या सत्ताकाळातही हबशी गुलामांची खरेदी होतच होती.

चंगीझखानाने १५७४ मध्ये वऱ्हाडची इमादशाही निजामशाहीत सामील करून घेण्यात मोठा वाटा उचलला. पण लवकरच सुलतान मुर्तझा (पहिला) याच्या मनात संशय भरविण्यात आला आणि या कर्तबगार पेशव्यास विष देण्यात आले. समर्थ प्रतिनिधीचा शेवट कसा होऊ शकतो, हे अंबरने तारुण्यातच पाहिले होते. धन्याच्या विधवेने त्याला मुक्त केले. त्यानंतर जवळजवळ वीस वर्षे तो चाकरी शोधीत फिरत राहिला. विजापूरच्या सेवेत असताना त्याला ‘मलिक’ हा किताब मिळाला. १५९५ च्या सुमारास तो दीडशे घोडेस्वारांनिशी निजामशाहीत परतला आणि अभंगखान नावाच्या हबशी सरदाराकडे रुजू झाला. त्या वेळी त्याचे वय पन्नाशीकडे झुकले होते.

एका गादीचे चार दावेदार

तो परतला ते वर्ष निजामशाहीच्या विनाशाचा आरंभ करणारे ठरले. १५९५ मध्ये दुसरा बुऱ्हाण निजामशाह मरण पावला आणि त्याचा पुत्र इब्राहीम काही महिन्यांतच विजापूरकरांशी झालेल्या लढाईत ठार झाला. मागे राहिला तो बहादूर हा अजाण मुलगा. लागलीच चार पक्ष निर्माण झाले. मियां मंजू याने अहमद नावाच्या मुलास गादीवर बसविले. इखलासखान हबशी याने मोती नावाच्या मुलास पुढे केले. अभंगखानाने राजवंशातील वृद्ध शाह अली याचा पक्ष घेतला. आणि चांदबीबीने बहादूरचा हक्क उचलून धरला. चारही पक्षांना स्वतःच्या सत्तेसाठी राजरक्ताचे एक माणूस हवे होते, मग ते तान्हे असो की जराजर्जर.

या भांडणात मियां मंजूने गुजरातेत असलेल्या अकबरपुत्र मुराद याला मदतीस बोलाविले. मोगल आले ते मदतनीस म्हणून राहिले नाहीत. चांदबीबीने अहमदनगरचा (आताच्या अहिल्यानगरचा) किल्ला शौर्याने लढविला, तरी १५९६ च्या तहात वऱ्हाड मोगलांना द्यावे लागले. चंद्रपूर जिल्ह्यातील वाचकांना या घटनेचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. वऱ्हाड मोगलांचे झाल्यामुळे मोगल सत्ता वर्धा नदीपर्यंत येऊन भिडली. नदीच्या पूर्वेस भद्रावतीसह हा सर्व प्रदेश चांद्याच्या गोंड राजांचा होता आणि ‘ऐन-इ-अकबरी’त चांद्याच्या बाबाजी बल्लाळशाहाची नोंद मोगलांना खंडणी न देणारा राजा म्हणून झालेली आहे. पुढील पाव शतक मोगलांचे लक्ष आणि बळ पश्चिमेकडे गुंतून राहिले, याचे मुख्य कारण मलिक अंबर होय.

ऑगस्ट १६०० मध्ये अहमदनगरचा किल्ला पडला. त्याआधी चांदबीबी शत्रूला सामील झाली आहे अशा वार्तेने खवळलेल्या स्वतःच्याच लोकांनी तिचा वध केला होता. बहादूरशहाची रवानगी ग्वाल्हेरच्या किल्ल्यात झाली. राजधानी गेली, राजा गेला. निजामशाही कागदोपत्री संपली. परंतु किल्ल्याबाहेरचा मुलूख मोगलांच्या हाती आलेला नव्हता आणि त्या मुलखात अंबर होता.

एक सुलतान, दोन प्रतिनिधी

अंबरपाशी या वेळी काही हजारांचे सैन्य जमले होते. तो स्वतःचे राज्य पुकारू शकला असता काय? तसे केले असते तर मराठे देशमुख, दखनी मुसलमान सरदार आणि विजापूरचा आदिलशाह यांपैकी कोणीही त्याला मान दिला नसता. त्याने शाह अलीचा मुलगा विजापूरच्या मुलखातून आणविला, परांडा (आज धाराशिव जिल्हा) येथे त्याला दुसरा मुर्तझा निजामशाह म्हणून गादीवर बसविले आणि आपली कन्या त्याला दिली. ज्या वंशशाखेचा पक्ष अभंगखानाने घेतला होता, तिलाच अंबरने पुढे आणले. आता तो सुलतानाचा वकीलही होता आणि सासराही.

पण त्याच नाममात्र सुलतानाच्या नावे सत्ता चालविणारा दुसरा पुरुष लवकरच पुढे आला. त्याचे नाव राजू दखनी. तोही उच्च कुळातला नव्हता. सआदतखान नावाच्या सरदाराच्या चाकरीतून तो वर आला होता आणि धनी मोगलांना मिळाल्यावर त्याचा मुलूख राजूने बळकावला. दौलताबादपासून उत्तरेस व गुजरातच्या सीमेकडील प्रदेश राजूचा, तर दक्षिणेकडील आणि तेलंगणाच्या बाजूचा प्रदेश अंबरचा, अशी वाटणी झाली. दोघेही मुर्तझाचे सेवक म्हणवीत, दोघेही मोगलांशी लढत, आणि संधी मिळताच दोघे एकमेकांवर चालून जात. या दुहीत मोगल सेनापती खानखानान याला मोठी सोय होती. १६०२ मध्ये नांदेडजवळ खानखानानच्या मुलाशी झालेल्या लढाईत अंबर जबर जखमी झाला; त्याच्या माणसांनी त्याला रणातून उचलून नेले म्हणून तो वाचला. त्यानंतर त्याने मोगलांशी तात्पुरता समेट केला.

मुर्तझाला अंबरचे वर्चस्व सहन होईनासे झाले तेव्हा त्याने गुप्तपणे राजूशी संधान बांधले. नाममात्र सुलतानापाशीही एक शस्त्र असते. आपले नाव तो दुसऱ्याला देऊ शकतो. हे नाव हातून जाणे म्हणजे सर्वस्व जाणे होय, हे अंबर जाणून होता. १६०७ मध्ये त्याने राजूचा पूर्ण पराभव करून त्याला कैद केले. पुढे राजूला ठार करण्यात आले. राजधानी जुन्नरला आणि १६१० मध्ये दौलताबादला नेण्यात आली. त्याच सुमारास अहमदनगरचा किल्लाही मोगलांकडून परत घेण्यात आला. बाहेरून पाहता हा अंबरच्या उत्कर्षाचा काळ होता.

त्याच वर्षी राजवाड्यात जे घडले ते मात्र भीषण होते. व्हान डेन ब्रुकेच्या नोंदीप्रमाणे, सुलतानाच्या इराणी राणीने अंबरच्या कन्येस तिच्या हबशी रक्तावरून आणि गुलामीच्या वारशावरून हिणविले व अंबरलाही अपशब्द वापरले. अंबरने सुलतान व ती राणी या दोघांवर विषप्रयोग करविला आणि सुलतानाच्या पाच वर्षांच्या मुलास गादीवर बसविले. ज्या कृत्याने त्याचा पहिला धनी मारला गेला, त्याच कृत्याचा आश्रय आता त्याने घेतला. राजधानी जिंकणाऱ्या पुरुषाच्या मुलीलाही जन्मावरून टोमणा ऐकावा लागतो, हे त्या समाजाचे वास्तव होते. आणि त्याचे उत्तर विषाच्या प्याल्याने द्यावेसे वाटणे, हे सत्तेचे वास्तव होते. अंबरचा गौरव करताना पहिले सांगून दुसरे झाकणे अभ्यासकाला शोभणार नाही.

मोगलांशी पंचवीस वर्षांचा झगडा

मोगलांच्या मोठ्या तोफखान्यापुढे व जड घोडदळापुढे समोरासमोर टिकाव लागणार नाही, हे अंबरने ओळखले होते. हलक्या, चपळ घोडेस्वारांकडून शत्रूची रसद तोडणे, मागील तुकड्यांवर छापे घालणे, डोंगराळ मुलखात ओढून नेणे आणि निर्णायक लढाई टाळणे, ही पद्धत त्याने सातत्याने वापरली. या ‘बारगीगिरी’त मराठे स्वार वाकबगार होते. विल्यम फिंच या इंग्रज प्रवाशाने १६१० च्या सुमारास अंबरच्या सैन्यात दहा हजार त्याच्या जातीचे आणि चाळीस हजार दखनी लोक असल्याचे नोंदविले आहे. म्हणजेच या सैन्याचा मोठा भाग येथल्या मातीतला होता. मालोजी भोसले यांचे पुत्र शहाजी व शरीफजी, तसेच सिंदखेडचे लखुजी जाधव ही मराठी घराणी याच काळात निजामशाहीच्या राजकारणात ठळकपणे वावरताना दिसतात.

या सरदारांची निष्ठा मात्र स्थिर नव्हती. १६१६ च्या प्रारंभी काही मराठे व हबशी सरदार मोगलांना मिळाले आणि रोशनगाव येथे अंबरचा मोठा पराभव झाला. मोगलांनी त्याने नव्याने वसविलेले खडकी शहर उद्ध्वस्त केले. १६१७ मध्ये शाहजादा खुर्रम (पुढचा शाहजहान) दक्षिणेत आला, तेव्हा अहमदनगरच्या किल्ल्यासह मुलूख परत द्यावा लागला. अंबरने पुन्हा उठाव केला आणि १६२१ मध्ये पुन्हा तह करावा लागला. दक्षिणेतील तिन्ही राज्यांवर मिळून पन्नास लाखांची खंडणी बसली, त्यांपैकी बारा लाख निजामशाहीच्या वाट्यास आले. पराभव, तह, विश्रांती आणि पुन्हा उठाव, असे हे चक्र होते.

१६२४ मध्ये अहमदनगरजवळ भातवडी येथे त्याला सर्वांत मोठा विजय मिळाला. मोगल व आदिलशाही फौजा एकत्र होऊन आल्या होत्या. अंबरने तेथील तलावाचा बांध फोडून शत्रूच्या छावणीच्या परिसरात पाणी व चिखल करून टाकला, रसद तोडली आणि मग हल्ला चढविला. विजापूरचा सेनापती मुल्ला मुहम्मद लारी मारला गेला. निजामशाहीच्या बाजूने शहाजीराजे पराक्रमाने लढले व शरीफजी धारातीर्थी पडले. परंतु या विजयानंतर थोड्याच काळात शहाजीराजे अंबरची चाकरी सोडून विजापूरकडे गेले.

जहांगीर बादशहाला या प्रतिनिधीचा किती संताप येत असे, हे त्याच्या आत्मचरित्रात अंबरविषयी आलेल्या शिव्याशापांवरून दिसते. अबुल हसन या चित्रकाराने सुमारे १६१६ मध्ये काढलेल्या एका चित्रात पृथ्वीच्या गोलावर उभा राहून जहांगीर अंबरच्या छिन्न मस्तकावर बाण सोडीत आहे. हे चित्र आज डब्लिनच्या चेस्टर बीटी ग्रंथालयात आहे. बादशहाला प्रत्यक्षात ही संधी कधीच मिळाली नाही. ध्यानात घेण्यासारखे हे की, चित्रात बाणाचा रोख निजामशाहावर नाही. राज्य कोण चालवितो याविषयी शत्रूच्या मनात शंका नव्हती.

धारा आणि नहर

युद्धाइतकेच अंबरचे नाव कारभारामुळे टिकले. त्याच्या महसूलव्यवस्थेला पुढील मराठी कागदपत्रांत ‘मलिकंबरी’ म्हटलेले आढळते. मक्तेदाराने ठरावीक रक्कम सरकारात भरावयाची आणि रयतेकडून वाटेल तेवढे उकळावयाचे, ही इजाऱ्याची पद्धत त्याने बंद केली. गावाच्या पाटलाशी थेट व्यवहार ठेवला. जमिनीची प्रत व प्रत्यक्ष पीक पाहून आकार बसविला. आरंभी पिकाचा सुमारे दोनपंचमांश हिस्सा धान्यरूपाने घेतला जाई, पुढे तो रोख स्वरूपात एकतृतीयांशाच्या आसपास ठरविण्यात आला, असे परंपरेने सांगितले जाते. सतत युद्धे चालू असताना रयत गाव सोडून गेली, तर सैन्याचा पगार कोठून येणार? तेव्हा या व्यवस्थेमागे केवळ दयाबुद्धी होती असे नव्हे. परंतु रयतेला तिचा आधार झाला हे खरे. पुढे पुणे प्रांतातील जमीनव्यवस्थेवर या पद्धतीची छाया पडलेली दिसते.

दुसरे कार्य खडकी शहराचे. १६१० च्या सुमारास त्याने वसविलेले हे गाव म्हणजेच पुढचे औरंगाबाद व आजचे छत्रपती संभाजीनगर. १९५० मध्ये तेथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय सुरू झाले, आणि नागसेनवनामुळे हे शहर आपल्या वाचकांना चांगलेच परिचित आहे. शहराच्या उत्तरेकडील टेकड्यांखाली मुरणारे पाणी अंबरने जमिनीखालून बांधीव नळीने, ठिकठिकाणी हवेसाठी व सफाईसाठी मनोरे ठेवून, वस्तीपर्यंत आणले. हीच ‘नहर-ए-अंबरी’. पाणचक्की ज्या नहरीवर चालते ती नंतरच्या काळातील आहे. त्या पद्धतीचा पाया मात्र अंबरने घातला. मोगलांवरील विजयाचे स्मारक म्हणून त्याने बांधलेला भडकल दरवाजाही तेथे उभा आहे. याच दरवाजापाशी डॉ. आंबेडकरांचा पुतळा असून जयंतीच्या दिवशी तेथे मोठा समुदाय जमतो. जमणाऱ्यांपैकी किती जणांना या दरवाजाच्या निर्मात्याची कथा ठाऊक असते, हा प्रश्न मनात येतो.

मृत्यूनंतर

मे १६२६ मध्ये, वयाच्या ऐंशीच्या आसपास, मलिक अंबर मरण पावला. खुलदाबाद येथे त्याची कबर आहे. मोगल दरबारचा इतिहासकार मुतमिदखान याने शत्रू असूनही त्याच्या युद्धकौशल्याची, न्यायबुद्धीची व मुलखात राखलेल्या बंदोबस्ताची मुक्तकंठाने स्तुती केली आहे, आणि हबशी गुलाम एवढ्या पदाला पोचल्याचे दुसरे उदाहरण इतिहासात नाही असा अभिप्राय दिला आहे.

त्याच्या पश्चात वकिली त्याचा मुलगा फतेखान याच्याकडे गेली. जे पद अंबरने कर्तृत्वाने मिळविले होते, तेच आता वारसाहक्काने दिले गेले, हा त्याच्या जीवनातील मोठा विरोध आहे. फतेखानात बापाची दूरदृष्टी नव्हती. सरदार आणि वकील यांच्यात वितुष्ट आले. फतेखान काही काळ कैदेत पडला. १६२९ मध्ये लखुजी जाधवांना दौलताबादच्या दरबारातच कपटाने मारण्यात आले. सुटकेनंतर फतेखानाने आपल्याच सुलतानाचा जीव घेतला आणि एका बालकास गादीवर बसवून मोगलांशी संधान बांधले. जून १६३३ मध्ये दौलताबाद पडले व तो बालसुलतान ग्वाल्हेरला गेला. त्यानंतर शहाजीराजांनी राजवंशातील आणखी एक मूल शोधून पेमगिरी येथे गादीवर बसविले आणि तीन वर्षे निजामशाही तगवली. परांड्याला अंबरने जे केले त्याचीच ही आवृत्ती होती. १६३६ मध्ये माहुली येथे तोही प्रयत्न संपला आणि राज्य कायमचे बुडाले. अंबरच्या मृत्यूला तेव्हा दहा वर्षे झाली होती.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळता येईल. अंबरला दुसऱ्याच्या नावाची गरज भासली, कारण त्याच्या काळात सत्तेचा अधिकार रक्तातून येतो अशी सर्वांची समजूत होती. सरदारांची होती, शत्रूंची होती, आणि बहुधा त्याची स्वतःचीही होती. त्या समजुतीला त्याने आव्हान दिले नाही, तिचा उपयोग करून घेतला. म्हणून राजूसारखा प्रतिस्पर्धी त्याच नावाचा आधार घेऊ शकला, म्हणून जावयाला विष द्यावे लागले, म्हणून प्रत्येक पराभवानंतर सरदार बाजू बदलीत राहिले. त्यांची निष्ठा राज्याच्या व्यवस्थेशी नव्हती; ती यशस्वी पुरुषाशी होती आणि यश असेपर्यंतच होती. जन्माधिष्ठित व्यवस्थेत एखादा गुणवान पुरुष शिखरावर पोचला म्हणजे ती व्यवस्था बदलली असे होत नाही. त्याला वर जाण्यासाठी जी शिडी लागते तीही बहुधा त्या व्यवस्थेचीच असते.

तरीही त्याचे सर्वच कार्य त्याच्याबरोबर गेले नाही. ज्या गादीसाठी तो पाव शतक लढला ती राहिली नाही. गावाच्या पाटलापाशी बसून ठरविलेला आकार मात्र त्याच्या शत्रूंनी व उत्तराधिकाऱ्यांनीही पुढे चालविला, आणि नहरीचे पाणी शहराचे नाव दोनतीनदा बदलले तरी वाहत राहिले. या दोन गोष्टींना चालण्यासाठी कोणत्याही सुलतानाच्या नावाची आवश्यकता नव्हती. छत्रपती संभाजीनगरला जाण्याचा योग येईल तेव्हा लेण्यांबरोबर भडकल दरवाजा, नहरीचे अवशेष आणि खुलदाबादची ती साधी कबरही वाचकांनी अवश्य पाहावी.